नव्या कवाडाला जुना रंग

प्रश्न : माजघराच्या दाराचे एक कवाड नवे करून घेतले. जुने सागवानी, नवेही सागवानीच. तरी जुने मधासारखे तांबूस दिसते आणि नवे फिकट, मधूनच हिरवट पट्ट्यांचे. पॉलिशवाला म्हणतो, गडद रंग मारून टाकू. मारू द्यावा का?

उत्तर : एवढ्यात नको. ताजा रंधा मारलेला साग असाच पट्ट्यापट्ट्यांचा असतो. उजेड-हवा लागली की हिरवट झाक जाते आणि सोनेरी रंग चढतो. कवाड काही आठवडे उजेडात ठेवा, अधूनमधून उलटा. त्याला काही टेकवू नका, नाहीतर झाकलेल्या जागेचा फिकट ठसा राहतो.

तोवर जुन्या कवाडावर काय आहे ते शोधा. आधी ते नीट पुसा. रंग दाराशी जुळवायचा आहे, उदबत्तीच्या धुराशी आणि तेलकट हातांशी नव्हे. मग बिजागरीपाशी, आडोशाला, स्पिरिटचा बोळा दाबून धरा. पृष्ठभाग चिकटला, बोळा तांबूस झाला, तर ते लाखेचे पॉलिश. जुन्या घरांत बहुधा हेच सापडते. स्पिरिटला दाद न देता थिनरने सुटले तर लॅकर. दोघांनाही बधले नाही तर मेलामाइन किंवा पीयू असण्याचा संभव.

लाख निघाली तर तुमचे नशीब. कुसुम, पळस, बोरीच्या फांद्यांवरचे बारीक किडे ही लाख स्रवतात, आणि तिचा नारिंगी रंग मूळचाच असतो. तुमच्या जुन्या कवाडाचा मधाळपणा काही अंशी लाकडाचा, काही अंशी या लाखेचा, म्हणजे चपड्याचा. म्हणून नव्यालाही नारिंगी चपडाच हवा. रंग काढलेली पांढरी लाख लावली तर कितीही हात मारा, ती ऊब येणार नाही.

उरलेला फरक स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या रंगाच्या चिमटीने भरून काढा, तोही आधी त्याच फळीच्या तुकड्यावर. तुकडा कवाडाइतकाच, त्याच नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि त्यावर सगळे हात पूर्ण होऊ द्या. नुसत्या रंगावरून काही कळत नाही. तो तुकडा जुन्या कवाडाला लावून दिवसा पाहा, रात्री दिव्याखालीही पाहा. दोन्ही वेळा जुळला तरी नव्यावर एक छटा फिकटच थांबा. गडद कधीही करता येते, उतरवायला मात्र सगळे खरवडावे लागते.

फळीची कापलेली टोके रंग अधाशासारखी पितात. तिथे आधी पातळ चपड्याचा एक हात द्या. आणि शेवटी नवे कवाड आरशासारखे चकाकत असेल तर बारीक स्टील वूल हलकेच फिरवा.