रोवणीतला ताप आणि दोन जिवांची बाई

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी आणि फ्लूची साथ साधारण एकाच वेळी येतात. जुलै-ऑगस्टात बायका चिखलात वाकलेल्या असतात, आणि त्यांत पोटुशी बाईही असते. आरोग्यसेविका म्हणून या धानपट्ट्यात काम करताना जे उमगलं, ते लिहिते.

१. गरोदर बाईची प्रतिकारशक्ती ‘कमी’ झालेली नसते, तिची घडी बदललेली असते.
बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकंच. तरी शरीर त्याला झिडकारत कसं नाही, हा प्रश्न पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने १९५३ साली मांडला. बाईची प्रतिकारशक्ती दबून जाते, असं त्याचं उत्तर पुष्कळ वर्षं दिलं जायचं. आज चित्र वेगळं आहे. गर्भ रुजताना गर्भाशयात प्रतिकार करणाऱ्या पेशींची मोठी धावपळ असते. मधल्या महिन्यांत शरीर शांत राहतं, कारण टी पेशींपैकी आवर घालणाऱ्या पेशी वाढलेल्या असतात. बाळंतपण जवळ आलं की पुन्हा हालचाल सुरू होते. फ्लूच्या विषाणूला गरोदर बाईच्या काही पेशी उलट जास्तच जोराने उत्तर देतात, असंही अभ्यासांत दिसलं आहे. त्या जोराची सूज फुप्फुसात झाली की दम लागतो. म्हणून ‘अशक्त आहे, आराम कर’ एवढं सांगून मी थांबत नाही. तिच्या श्वासाकडे बघते.

२. श्वास मोजा.
वाढलेलं गर्भाशय श्वासपटलाला सुमारे चार सेंटीमीटर वर ढकलतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा जवळपास पाचव्या हिश्श्याने घटते, आणि प्राणवायूची गरज तेवढीच वाढते. शिल्लक कमी आणि खर्च जास्त, अशी ही स्थिती. म्हणून साधा फ्लूसुद्धा तिला लवकर गाठतो. मी मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजते. २४ च्या वर गेले, किंवा ऑक्सिमीटरवर ९५ च्या खाली आकडा दिसला, की वाट बघायची नाही. पण आकडा ९७ दिसला म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही. हिमोग्लोबिन सातवर असेल, तर आहे तेवढं रक्त प्राणवायूने भरलेलं आहे इतकंच ऑक्सिमीटर सांगतो. मुळात रक्तच कमी आहे, हे त्याला कळत नाही.

३. सिकलसेलची बाई वेगळी.
पूर्व विदर्भात हा आजार घराघरांत माहीत आहे. ‘एसएस’ म्हणजे पूर्ण सिकलसेल असलेल्या बाईची प्लीहा बहुधा लहानपणीच निकामी झालेली असते, त्यामुळे जंतूंशी लढायला ती आधीच उणी. तिच्या छातीत संसर्ग झाला की रक्तपेशी वाकड्या होऊन फुप्फुसातल्या बारीक नळ्या अडवू शकतात. ताप, छातीत दुखणं आणि दम एकत्र आले, तर गोळ्या देऊन घरी ठेवायचं नाही. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

४. विषाणू बाळापर्यंत क्वचितच पोहोचतो, ताप मात्र पोहोचतो.
वारेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी लॅम्डा इंटरफेरॉन नावाचं विषाणूरोधक द्रव्य संसर्ग नसतानाही सतत बनवत असतात. फ्लू आणि कोविड बाळात सहसा उतरत नाहीत, यामागे हे एक कारण आहे. पण आईच्या अंगातला ताप आणि सूज बाळाला जाणवते. दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. म्हणून पॅरासिटामॉल द्यायला मी कचरत नाही. ‘पोटात बाळ आहे, गोळी नको’ असं म्हणत ताप अंगावर काढणं बाळाच्या हिताचं नाही.

५. पहिले दोन दिवस.
“चार बांध्या राहिल्या जी सिस्टर, रोवणी झाली का येतो,” हे मी दर पावसाळ्यात ऐकते. मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही. पण ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग होतो, आणि गरोदर बाईला ते तपासणीच्या अहवालाची वाट न बघता द्यायचं असतं. अशा वेळी मी बाईशी कमी आणि तिच्या सासूशी जास्त बोलते. बांधीतून सुनेला घरी पाठवायचं की नाही, ते सासू ठरवते.

६. धनुर्वाताच्या सुईला कोणी नाही म्हणत नाही.
ती सुई आईला दिली की प्रतिपिंडं वारेतून बाळात जातात. अशा लसीकरणाला सुरक्षित बाळंतपणाची जोड मिळाली आणि २०१५ साली भारत माता-नवजात धनुर्वातातून मुक्त ठरला. फ्लूच्या लसीचं तत्त्व तेच. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सगळ्यांच्या पुढे ठेवलं, तरी गावात तिच्याबद्दल आजही शंका निघते.
तेव्हा श्वासाचा संसर्ग गरोदर बाईला किती महागात पडतो ते दाखवायला मी मुंबईच्या नायर रुग्णालयातले कोविडचे आकडे सांगते. कोविडच्या पहिल्या लाटेत तिथे आलेल्या १,१४३ बाधित गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांपैकी ०.७ टक्के दगावल्या. दुसऱ्या लाटेत ३८७ पैकी ५.७ टक्के. विषाणूने रूप बदललं होतं, आणि गरोदर स्त्रियांना कोविडची लस घ्यायची परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ ला, लाट ओसरताना. ते महिने आठवले की आजही जीव कळवळतो. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांच्या तपासणीला बाया जमतात, तेव्हा फ्लूच्या लसीचा विषय मी स्वतःहून काढते.

७. बाळाचे पहिले सहा महिने.
सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. तोवर त्याच्याकडे असतात ती आईची प्रतिपिंडं. ती बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून जातात, म्हणून वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला कमी येतात. पुढचा आधार दुधातल्या प्रतिपिंडांचा. बाळंतिणीला सर्दी-ताप आला की घरची मंडळी बाळ दूर नेऊन वरचं दूध सुरू करतात. ते मी तिथल्या तिथे थांबवते. आईने मास्क लावावा, हात साबणाने धुवावेत आणि बाळाला पाजावं. पाजून झालं की बाळ आजीजवळ द्यावं, पण आजीला खोकला नाही ना, एवढं आधी विचारावं.