सोयाबीन निघायच्या आधी

पोरी, कॉलेजची फी जुलै-ऑगस्टात भरायची असते आणि आपलं सोयाबीन हाती येतं दसऱ्याच्या आसपास. घरात दमडी नसते, नेमका तेव्हाच खर्च उभा राहतो. मी सत्तावीस वर्षं कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसलो. रडवेली होऊन परत गेलेली पोरं अजून डोळ्यांपुढे आहेत. हक्काचे पैसे होते, पण एखादा दाखला कमी पडलेला असायचा.

म्हणून बारावीच्या निकालाची वाट पाहू नकोस. उद्याच मेहकरला जा आणि सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाक. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, मागच्या वर्षीचा दाखवून भागत नाही. निकाल लागला की त्याच खिडकीवर अख्खा तालुका उभा राहतो. नॉन-क्रिमीलेअरचा दाखलाही सोबतच काढ. तुझी जात पडताळणी झाली आहे; पण काकाच्या पोराची राहिली असेल तर त्याला आत्ताच बुलढाण्याच्या समितीकडे अर्ज करायला सांग. त्या कामाला महिने जातात.

बँकेचं खातं तपासून घे. शिष्यवृत्ती येते ती आधारशी जोडलेल्या खात्यात, फॉर्मवर तू कुठलाही नंबर लिहिलास तरी. तुझ्या दादाच्या वेळी मी इथेच चुकलो. त्याचं आधार शाळेत काढलेल्या जुन्या खात्याला जोडलेलं होतं आणि ते खातं केव्हाच बंद पडलं होतं. पहिला हप्ता वर्षभर अडकला. तुझ्या आजीने साठवलेले पैसे त्या वर्षी मोडावे लागले, ते मला आजही लागतं.

प्रवेश घेशील तो कॅप राऊंडमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घे. कोणी म्हणेल, मॅनेजमेंटच्या कोट्यातून सीट देतो, शिष्यवृत्तीचं नंतर बघू. तिथे शिष्यवृत्ती मिळत नाही. कॅपमधून गेलीस तर तुला मोठा आधार आहे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. मात्र अर्ज महाडीबीटी पोर्टलवर तूच भरायचा आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरणही करायचं. दुसऱ्या वर्षाला विसरलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या. इंजिनिअरिंगला गेलीस तर एआयसीटीईच्या प्रगती शिष्यवृत्तीचा अर्जही भर, वर्षाला ५०,००० रुपये असतात. टीएफडब्ल्यूएसच्या जागाही असतात, मुलगा असो की मुलगी, तिथेही ट्यूशन फी माफ. पण पसंतीक्रम भरताना त्या जागेचा वेगळा कोड टाकावा लागतो. ‘टी’ अक्षराने संपतो तो. एवढं एक अक्षर ठाऊक नसलं की पोरगं पूर्ण फी भरत बसतं.

काकाचा पोरगा दहावीला आहे. त्याने अकरावी-बारावीच्या क्लासपायी घर रिकामं करू नये. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, फी खाजगीच्या मानाने फारच कमी. तीन वर्षांचा डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शेगावचं संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज, १९८३ सालचं, तिथून जवळच. वर्षं तेवढीच सहा लागतात, पण क्लासचा खर्च वाचतो, महागड्या फीचं एक वर्ष वाचतं आणि मध्येच अडलं तर हातात डिप्लोमा असतो. आपला धाकटा बबड्या आठवीत आहे, त्याला एनएमएमएसच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. लागली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० मिळतात. तेवढ्यात त्याची वह्या-पुस्तकं आणि एसटीचा पास सहज निघेल.

कर्जाचं सगळ्यात शेवटी. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नसतं, म्हणून वावर गहाण टाकायची गोष्ट कोणी काढली तर उठून या. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र तोवर चढतच असतं. जमेल तसं दर महिन्याला थोडं व्याज भरत राहा. सावकाराच्या ओट्यावर या कामासाठी तुझ्या बापाने पाय ठेवायचा नाही, हे मी त्यालाही सांगितलं आहे.

राहिलं खोली आणि जेवणाचं. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, कारण आपल्या वऱ्हाडातली कुणब्याची पोरं राहायला जागा नाही म्हणून शिक्षण सोडत होती. त्यांच्याच नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आज अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या लेकरांना मिळतो. त्याला अल्पभूधारकाचा दाखला लागतो. उत्पन्नाच्या अहवालासाठी तलाठ्याकडे जाशीलच, तर या दाखल्यासाठीचा अहवालही त्याच फेरीत माग. सातबारा मी काढून आणला आहे, देवळीतल्या पिशवीत ठेवलाय. दोन झेरॉक्सही सोबत आहेत.