दुष्फेन पाणी सुफेन कसे होते?

काही विहिरींच्या पाण्यात साबण कितीही चोळला तरी फेस येत नाही. पाण्यावर पांढुरका साका तेवढा तरंगतो. व्यवहारात याला जड पाणी म्हणतात, शास्त्रीय भाषेत दुष्फेन पाणी.

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात या खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम थोडेथोडे उतरतात. साबणाशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो. तेवढा साबण वाया जातो.

यांपैकी बायकार्बोनेटे पाणी उकळल्यावर विघटन पावतात आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. बंबात वा गीझरमध्ये जमणारी पुटे मुख्यतः त्याचीच. ही पुटे उष्णतेची मंदवाहक असल्याने इंधन अधिक जळते. सल्फेटे व क्लोराइडे मात्र उकळून जात नाहीत. त्यांच्यासाठी आयन-विनिमयाची पद्धत उपयोगी पडते.

पाणी सुफेन करणाऱ्या यंत्राच्या टाकीत कृत्रिम राळेचे बारीक मणी असतात. मण्यांवर सोडियमचे आयन असतात. सोडियम आयनावर एक धन विद्युतभार, तर कॅल्शियम आयनावर दोन. म्हणून मणी कॅल्शियमला अधिक घट्ट धरतात. प्रत्येक कॅल्शियम आयनाच्या बदल्यात दोन सोडियम आयन पाण्यात येतात आणि विद्युतभाराचा हिशोब जुळतो. मणी कॅल्शियमने भरले की त्यांतून मिठाचे तीव्र द्रावण सोडतात. सोडियमच्या गर्दीमुळे कॅल्शियम सुटून वाहून जाते व मणी पुन्हा कामाला लागतात.

आता वजनाचा हिशोब पाहू. 40 मिलिग्रॅम कॅल्शियम निघाले, तर 46 मिलिग्रॅम सोडियम येते! म्हणजे पाण्यातले क्षार कमी झाले नाहीत; किंचित वाढलेच. असे पाणी धुण्यास व गीझरला उत्तम. साबण आणि इंधन दोन्ही वाचतात. परंतु सुफेन म्हणजे शुद्ध नव्हे. त्यातले रोगजंतू मरत नाहीत. ज्यांना मीठ कमी खाण्यास सांगितले आहे, त्यांनी ते पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. झाडांनाही ते नेहमी घालू नये. सोडियमने जमीन बिघडते.

एक प्रयोग करून पाहा. दोन सारख्या बाटल्यांत पावसाचे व विहिरीचे पाणी समान घ्या. दोन्हींत साबणाच्या पाण्याचे थेंब मोजून टाका व हलवा. टिकाऊ फेस येण्यास कोणत्या बाटलीत किती थेंब लागले, ते वहीत नोंदवा. मात्र धुण्याची पावडर वापरू नका. ती दुष्फेन पाण्यातही फेस देते.