धूर, अग्नी आणि अण्णांची जीप

(द्वितीय वर्ष कला)

गाडी बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात. बॉनेट उघडून आपणच दोष शोधायचा, किंवा मिस्त्रीकडे नेऊन तो सांगेल ते मान्य करायचे. प्रथमदर्शनी हा प्रश्न पैशाचा वाटतो. तर्कशास्त्राच्या भाषेत मांडला तर तो प्रमाणाचा प्रश्न आहे : अनुमानावर विसंबावे की आप्तवाक्यावर? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार मी आमच्या घरच्या जीपच्या आधाराने करणार आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने इंजिनाविषयी लिहावे ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमचे घर ह्याच इंजिनावर चालते, आणि त्या इंजिनाचे जे नुकसान झाले त्यात माझ्या शिक्षणाचा वाटा आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटणहून वरच्या वाड्यांकडे वडाप करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली मीच पहिली. त्यामुळे बँकेच्या अर्जापासून औषधाच्या बाटलीवरच्या मजकुरापर्यंत सगळे माझ्यापुढे येते आणि मी सांगेन ते खरे मानले जाते. माणसाला ह्याची सवय लागते, हे मी आधीच कबूल करते.

गेल्या हिवाळ्यात जीप घाटात तापू लागली. सपाटीवर काटा मध्ये असे. चढ लागला की तो लाल पट्टीकडे सरके. अण्णांनी ती एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर धुतला, बिल झाले. पण घाटातले तापणे गेले नाही. मग ते दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले. मी बरोबर होते. मिस्त्रींनी अण्णांना एकच गोष्ट विचारली, "पाणी किती दिसानं घालता?" अण्णा म्हणाले, "अधनंमधनं." मिस्त्री म्हणाले, "गरम इंजनवर मी काय बी सांगत न्हाई. रातभर गाडी हितं ऱ्हाऊ द्या, सकाळी बघू." एक रात्र गाडी ठेवायची म्हणजे सकाळच्या दोन फेऱ्या बुडणार. शिवाय पहिल्या गॅरेजचा अनुभव ताजा होता. अण्णांनी गाडी परत आणली आणि मला म्हणाले, "तू शिकल्याली हायेस. बघ मोबाइलवर काय त्ये."

मी पाहिले. दोन संध्याकाळी गाड्यांची चित्रफीत बघून माझे निदान तयार झाले : थर्मोस्टॅट अडकला आहे. थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर ह्यांच्यामधली मेणाच्या गोळीवर चालणारी एक लहान झडप. इंजिन थंड असताना ती मिटलेली असते. पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापले की मेण फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. ती मिटूनच राहिली तर इंजिन तापणार, हे उघड आहे. रविवारी अण्णांनी पाने घेतले, मी मोबाइल धरला, आणि आम्ही ती झडप काढून टाकली. सोमवारी काटा चढला नाही. मंगळवारीही नाही. अण्णा ज्याला त्याला सांगत सुटले की पोरीने गाडी नीट केली.

गुरुवारी पाटणचा माल आणि भरगच्च माणसे घेऊन जीप घाटात चढली आणि अर्ध्यावर वाफ सोडून उभी राहिली. अण्णांनी ओले फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवले. ते झाकण सुमारे १ बार जादा दाब धरून ठेवत असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते; झाकण सुटताच दाब जातो आणि आतल्या पाण्याची एकदम वाफ होते. अण्णांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. इंजिनाचे हेड वाकले होते. ते कराडला फेसिंगला न्यावे लागले. एकूण १८,००० रुपये गेले आणि ९ दिवस गाडी उभी राहिली.

दोष हेड गॅस्केटचा होता. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड ह्यांच्यामध्ये ही चपटी चकती असते. ती दोन्हींमधले पाणी, तेल आणि ज्वलनाचा दाब एकमेकांत मिसळू देत नाही. ती जळाली की सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आणि पाणी बाहेर फेकतो. चढावर, म्हणजे इंजिनावर भार असताना, हा दाब सर्वांत जास्त.

आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला न्यायदर्शनातले धुराचे उदाहरण शिकवतात. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. स्वयंपाकघरात धुराबरोबर अग्नी पाहिलेला असतो, तळ्यावर अग्नीही नसतो आणि धूरही नसतो. अशा अनुभवांतून व्याप्ती हाती येते. मात्र हेतू साध्याला सोडून अन्यत्रही आढळत असेल तर तो सव्यभिचार, म्हणजे हेत्वाभास. परीक्षेत मला ह्या प्रश्नाला चांगले गुण मिळाले होते. तरीही 'गाडी तापते, म्हणून थर्मोस्टॅट बिघडला' असे म्हणताना हेतू सव्यभिचार आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. तापणे हे अडकलेल्या थर्मोस्टॅटचे, बुजलेल्या रेडिएटरचे, सैल पट्ट्याचे, पंपाचे आणि गॅस्केटचेही लक्षण आहे. थर्मोस्टॅट मिटूनच राहिला असता तर गाडी सपाटीवरही तापली असती. माझ्या निदानाला बाधक असलेली ही गोष्ट पहिल्या दिवसापासून समोर होती. सोम-मंगळवारी काटा चढला नाही, कारण त्या दोन दिवसांत माणसेच कमी होती. ह्याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, आणि आम्ही पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले.

मिस्त्रींना प्रत्यक्ष धुराचेही वाचन येते. डिझेल इंजिनाचा काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर पाण्याचा असू शकतो, पण थंडीच्या सकाळी चालू करताक्षणी दिसणारा पांढरा धूर कच्च्या डिझेलचाही असतो. म्हणूनच ते गरम इंजिनावर काही सांगायला तयार नव्हते. त्यांची परीक्षा दोन मिनिटांची होती. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे झाकण काढायचे, इंजिन चालू करायचे आणि पाण्यात बुडबुडे येत राहतात का ते पाहायचे. आणि त्यांचा तो एक प्रश्न! गळती कुठेही नाही आणि पाणी मात्र कमी होते, तर ते जाते कुठे? ह्याचे उत्तर आमच्या घरातच होते. माझा धाकटा भाऊ रोज सकाळी दोन लिटरची बाटली भरून रेडिएटरमध्ये ओतत होता. अण्णांनी ते सांगितले नाही, मी त्याला विचारले नाही, आणि मोबाइलला तर आमच्या घरात भाऊ आहे हेच ठाऊक नव्हते.

मला वाटते, स्वतः की मिस्त्री हा वाद इथेच चुकतो. प्रत्यक्ष ज्ञान गाडी चालवणाऱ्याकडे असते : आवाज केव्हा येतो, चढावर की उतारावर, गाडी थंड असताना की तापल्यावर. व्याप्ती मिस्त्रीकडे असते, कारण त्याने शंभर इंजिने उघडलेली असतात. आम्ही प्रत्यक्ष लपवले आणि व्याप्ती उसनी आणली.

परंतु मिस्त्रीवर विश्वास ठेवावा तरी कसा? हा अण्णांचा प्रश्न खोटा नव्हता. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचा विचार मांडला, ज्यांची गरज खरोखर होती की नाही हे गिऱ्हाइकाला पैसे दिल्यानंतरही कळत नाही. मोटारदुरुस्ती हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आमचा पाण्याचा पंप बदलायची गरज होती का, हे आम्हाला आजही माहीत नाही. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताच्या ठिकाणी दोन गोष्टी मागितल्या आहेत : त्याला वस्तूचे साक्षात ज्ञान हवे, आणि जसे जाणले तसेच सांगण्याची इच्छा हवी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो म्हणतो. म्हणजे पदवीचा काही संबंध नाही. ग्रीसने माखलेले आमचे मिस्त्री पहिल्या अटीत बसतातच. दुसरीची परीक्षा आपण करायची. 'पाहिल्याशिवाय सांगत नाही' असे म्हणून गिऱ्हाईक गमावणारा माणूस माझ्या मते तिच्यात उतरला होता. आम्ही नेमके तेच लबाडीचे चिन्ह मानले. पुढे त्यांनी जुनी गॅस्केट अण्णांच्या हातात दिली आणि दोन सिलिंडरांमध्ये जळून काळी पडलेली जागा बोटाने दाखवली. बदललेला भाग मागून घ्यावा, हे मी तेव्हापासून सर्वांना सांगते.

नव्या गाड्यांत संगणक असतो, यंत्र जोडले की दोष कळतो, असे वर्गातले मित्र म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत अशी सोय सक्तीची झाली. पण संकेतांकसुद्धा धूरच आहे. पी-०१७१ ह्याचा अर्थ इतकाच की हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. नळीला चीर गेली आहे, हवा मोजणारा सेन्सर मळला आहे की इंधनाचा पंप थकला आहे, हे तो सांगत नाही. आकडा पाहून थेट सेन्सर विकत आणणारा माणूस माझाच भाऊबंद समजावा.

तेलाची काडी पाहणे, बॅटरीची टोके घासणे, टायरची हवा, एअर फिल्टर, इंजिन थंड असताना पाणी, हे घरी जरूर करावे. ब्रेकला मात्र आम्ही हात लावत नाही.

अण्णांचा हात आता बरा आहे. कोपराखाली पांढरट डाग राहिला आहे. जीपच्या कप्प्यात मी माझी एक शंभर पानी वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, घातलेले पाणी, असे रकाने आहेत. अण्णा आकडे सांगतात, भाऊ लिहितो. कालची नोंद अशी : पाणी घातले नाही. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये डावीकडून कटकट आवाज. उतारावर नाही. पुढे 'कारण' असा एक रकाना भावाने स्वतःच आखला होता. तो मी कोराच ठेवायला सांगितला आहे. शनिवारी वही घेऊन मिस्त्रींकडे जायचे आहे.