अयुथया : तीन नद्यांच्या कुशीतील वारसानगर

थायलंडची राजधानी बँकॉक हिच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर अयुथया हे ऐतिहासिक नगर व त्याच नावाचा प्रांत आहे. चाओ फ्राया, पासक व लोपबुरी या तीन नद्या येथे एकत्र येतात. त्यांना कालव्यांची जोड देऊन जुन्या नगराभोवती पाण्याचा वेढा पूर्ण करण्यात आला होता. राजा रामाधिपती पहिला याने १३५० साली येथे राजधानी वसविली. नगराचे नाव अयोध्येवरून घेतलेले असून राजाच्या बिरुदातही रामनाम आहे. भारतीय वाचकास हे नगर आपलेसे वाटावे, असाच हा धागा होय.

पाणी हेच बळ

सुमारे चार शतके अयुथयाची भरभराट नदीवर अवलंबून होती. समुद्रातून आलेला माल चाओ फ्रायामार्गे येथवर पोहोचे. १५११ मध्ये पोर्तुगीज दूत आले. पुढे डच व जपानी व्यापाऱ्यांनीही नदीकाठी वसाहती केल्या. पावसाळ्यात सभोवार पसरणारे पाणी भातशेती पिकवी, तसेच वेढा घालणाऱ्या सैन्यालाही माघार घ्यावयास लावी. १७६६ च्या पावसाळ्यात मात्र ब्रह्मी सैन्य मागे हटले नाही आणि एप्रिल १७६७ मध्ये नगर पडून त्याची राखरांगोळी झाली.

प्रेक्षणीय स्थळे

थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर अथवा विहार. राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा सी सनफेत येथील तीन स्तूपांत राजांच्या अस्थी ठेवल्या जात. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धमस्तक आहे. त्याच्यासमवेत छायाचित्र काढताना आदर म्हणून खाली बसावे, असा तेथील दंडक आहे. पश्चिमेकडील नदीतीरावरचे वाट चायवत्थनाराम १६३० साली बांधले गेले. दक्षिणेस, नदीपलीकडच्या वाट फनान चोएंगमधील भव्य बुद्धमूर्ती नगराच्या स्थापनेपूर्वीची असून तेथे आजही नित्य पूजा चालते. पातळ रोटीत साखरेचे तंतू गुंडाळून तयार होणारी ‘रोटी साय माय’ ही येथील मुस्लिम समाजाने प्रसिद्धीस आणलेली मिठाई. तिच्या नावातील ‘रोटी’ हा शब्द भारतीयच आहे.

हानी आणि जतन

नगर पडल्यानंतरही नाश थांबला नाही. नवी राजधानी बँकॉक उभारण्यासाठी येथील तटबंदीच्या विटा नावांतून नेण्यात आल्या. अनेक मूर्तींची मस्तके चोरांनी कापून विकली. १९५७ मध्ये, १४२४ साली बांधलेल्या वाट राचबुराना या मंदिराच्या तळघरात शिरून चोरांनी राजघराण्याचे सुवर्णालंकार पळविले. त्यांपैकी काहीच परत मिळाले. त्यानंतर ललित कला विभागाने शास्त्रोक्त उत्खनन केले, तेव्हा उरलेल्या सुवर्णवस्तूंबरोबर बुद्धप्रतिमा कोरलेल्या असंख्य लहान मुद्राही सापडल्या. संग्रहालयासाठी देणगी देणाऱ्या नागरिकांना या मुद्रा भेट देण्यात आल्या. लोकांच्या या सहभागातून उभे राहिलेले चाओ साम फ्राया राष्ट्रीय संग्रहालय १९६१ मध्ये खुले झाले. त्यामुळे उत्खननात मिळालेले सोने जिथे सापडले त्याच नगरात राहिले.

१९७६ मध्ये हा परिसर ऐतिहासिक उद्यान म्हणून घोषित झाला आणि १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. तथापि, मान मिळाला म्हणजे संरक्षण पूर्ण झाले असे नाही. २०११ च्या महापुरात अयुथयातील अनेक वास्तू पाण्याखाली गेल्या. वाट चायवत्थनारामचा तात्पुरता बांध फुटून मंदिराच्या आवारात पाणी शिरले. जुन्या विटा ओलावा शोषून घेतात, पाणी ओसरल्यावर क्षार वर येतात आणि गिलावा सुटू लागतो. म्हणून पुरानंतरची दुरुस्ती ही वर्षानुवर्षे चालणारी जबाबदारी ठरते.

ज्या नदीने हे नगर घडविले, तिच्यापासूनच आज त्याला जपावे लागत आहे. बांध व पहारा ही शासनाची कामे होत. परंतु कुंपणामुळे चोर अडतोच असे नाही. वास्तूविषयी आपलेपणा बाळगणारा शेजार मात्र त्याला अडवू शकतो. १९५७ ची लूट आणि १९६१ चे संग्रहालय या अवघ्या चार वर्षांतील दोन घटना हेच सांगतात. वारशाच्या रक्षणात नागरिकांना प्रत्यक्ष वाटा मिळाला, तर परंपरेचे धन पुढील पिढ्यांच्या हाती सुरक्षित पोहोचते.