तेलाच्या विहिरीतील डांबर : थोडक्यात मोठे नुकसान

कोकणातील आपल्या कित्येक घरांची रोजी आखाताच्या तेलाशी जोडलेली आहे. पण वाहती विहीर अचानक का तुंबते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. आज ते समजून घेऊ. त्यात व्यापाऱ्यासाठीही एक सबक आहे.

डांबर सुटते कसे?

कच्च्या तेलातील सर्वांत जड, काळ्या, डांबरी अंशाला अॅस्फाल्टीन म्हणतात. तेलातील रेझिन आणि अॅरोमॅटिक घटक त्याला सांभाळून धरतात. रंगाच्या हौदात मीठ एकदम जास्त पडले तर रंग पाण्यातून सुटून गुठळ्या होतात आणि कापडावर डाग पडतात, हे आपल्या रंगाऱ्यांना माहीत आहे. तेलाचेही तसेच आहे.

जमिनीखाली तेलावर प्रचंड दाब असतो. तेल वर येऊ लागले की दाब उतरतो, त्यातील हलके घटक फुगतात आणि डांबर धरून ठेवण्याची तेलाची ताकद घटते. वायूचे बुडबुडे ज्या दाबाला सुटू लागतात, त्याच्या आसपास धोका सर्वांत मोठा. त्याखाली वायू निघून जातो, तेल दाट होते आणि काही डांबर परत विरघळते. म्हणून थर सगळ्या नळीत न बसता ठराविक पट्ट्यात बसतो.

धोका कसा ओळखावा?

जास्त डांबर म्हणजे जास्त धोका, असे कोणालाही वाटेल. पण तजुर्बा उलट आहे. व्हेनेझुएलातील बोस्कान तेलात सुमारे 17 टक्के अॅस्फाल्टीन, तरी तेथे फारसा त्रास नाही. अल्जीरियातील हस्सी मसऊदच्या तेलात अवघे 0.15 टक्के, आणि तेथे विहिरी वारंवार तुंबल्या. कारण हस्सी मसऊदचे तेल हलके, वायूने भरलेले. त्यात डांबराला धरणारे कमी. डी बोअर व सहकाऱ्यांनी 1995 साली हीच बाब आलेखात मांडली : तेलाची घनता आणि साठ्याचा दाब व बुडबुड्याचा दाब यांतील फरक पाहा. तेल हलके व फरक मोठा, तर सावध राहा.

खात्रीसाठी विहिरीच्या तळाचा नमुना दाब न सोडता वर आणावा लागतो. प्रयोगशाळेत दाब हळूहळू उतरवत त्यातून प्रकाश सोडतात. डांबराचे कण सुटले की प्रकाश अडतो, आणि तो दाब नोंदवतात. वाटेत दाब सुटलेला नमुना खरा हिशेब देत नाही.

उपाय

पहिला उपाय, विहिरीतील दाब शक्यतो त्या मर्यादेच्या वर राखणे. दुसरा, डांबर सुटण्याच्या जागेच्या खालीच बारीक नळीने रसायन सोडणे, म्हणजे कण एकमेकांना चिकटत नाहीत. कण चिकटून थर बसल्यावर हे रसायन फारसे कामाचे नाही. मग झायलीन किंवा टोल्युइनने नळी धुवावी लागते आणि उत्पादन बुडते. ही द्रव्ये झटकन पेटतात, त्यांची वाफही घातक असते. अशा कामावर असलेल्या आपल्या मुलांनी मास्क आणि हातमोज्यांत हयगय करू नये.

आपल्यासाठी सबक

दुकानही असेच तुंबते. उधारी किती, एवढेच आम्ही पाहतो. ती पेलणारे भांडवल किती, हे पाहत नाही. मोठ्या पेढीला लाखाची उधारी पचते, छोट्या दुकानाला दहा हजारांची बुडवते. मंदी येण्याआधी वही तपासावी. थर बसल्यावर धुण्याचा खर्च मोठा असतो.