एक झाड आणि एक नेचे

सपुष्प आणि अपुष्प वनस्पतींतील फरक आपण परीक्षेसाठी पाठ करतो. पण एखादी जात वाचवायची असेल, तर हाच फरक निर्णायक ठरतो. हे मला दोन वनस्पतींची तुलना करताना समजले. दोन्ही बेटांवरच्या. दोन्ही नामशेष झाल्या असे मानले गेले आणि दोन्ही पुन्हा सापडल्या.

पहिले आहे 'कॅफे मारों' हे कॉफीच्या कुळातील लहानसे झाड. हिंदी महासागरात मॉरिशसच्या पूर्वेला असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर ते वाढते. १९८० च्या सुमारास तिथल्या एका शाळकरी मुलाने वर्गाच्या अभ्यासासाठी एका झाडाची फांदी आणली आणि ही जात अजून जिवंत असल्याचे कळले. मात्र झाड एकच उरले होते. बातमी पसरताच लोक औषधासाठी त्याच्या फांद्या तोडू लागले, म्हणून भोवती कुंपण घालावे लागले.

दुसरे आहे अटलांटिक महासागरातील असेन्शन बेटावरचे इवलेसे नेचे. त्याची पाने कोथिंबिरीसारखी दिसतात. नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना, १८१५ मध्ये, इंग्रजांनी असेन्शनवर लष्करी ठाणे बसवले. पुढे तिथल्या ग्रीन माउंटनवर बाहेरून आणलेली झाडे लावली गेली. त्यांच्या गर्दीत हे नेचे दिसेनासे झाले. २००९ मध्ये डोंगराच्या तीव्र उतारावर त्याची चार रोपे सापडली.

आता फरक पाहा. झाडाची छाट कलमे १९८६ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात नेली. ती जगली, फुललीही, पण बी धरेना. कलम म्हणजे तेच झाड पुन्हा. नवी पिढी नव्हे. कुक्षीचा वरचा भाग कापून परागकण टाकण्याचे प्रयोग झाले, तेव्हा कुठे २००३ मध्ये बिया मिळाल्या. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्याचे बीजाणू तातडीने क्यूला पाठवले आणि प्रयोगशाळेत त्यांतून नवी रोपे वाढवली.

झाडाला शत्रू माणसाचा हात, तर नेच्याला शेजारची परकी रोपे. म्हणून एकाला कुंपण हवे होते, दुसऱ्याला तण काढून मोकळी केलेली जागा. उपाय करण्याआधी वनस्पतीची ओळख हवी.

मित्रांनो, पावसाळ्यात ओलसर भिंतीवर नेचे दिसले, तर ते उपटू नका. पान हळूच उलटून पाहा. मागे तपकिरी ठिपके दिसले, तर त्यांत बीजाणू असतात. त्याची पुढची पिढी तिथेच आहे.